लग्नासाठी फोटोग्राफर निवडताना नेमकं काय बघावं?

इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बघून ठरवू नका. एखाद्या लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो दाखवायला सांगा, तेही शक्यतो तुमच्यासारख्याच कार्यालयात झालेल्या लग्नाचे. ट्यूबलाइट आणि पिवळे हॅलोजन एकत्र आले की चेहऱ्यांचे रंग बिघडतात, आणि माणूस किती तयारीचा आहे ते तिथेच कळतं.

दुसरं म्हणजे, प्रत्यक्ष कोण येणार ते नावानिशी लिहून घ्या. माझ्या बहिणीच्या लग्नात बोलणी एकाशी झाली आणि आली दुसरीच दोन मुलं. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला तेव्हा व्हिडिओवाला बरोबर फोटोवाल्याच्या समोर उभा! बहिणीने मान वर करून पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं, तो क्षण आमच्याकडे नाहीच. अल्बममध्ये त्या जागी शर्टाची पाठ आणि उडालेल्या अक्षता आहेत. आईला अजून त्याची हळहळ वाटते. म्हणून मुहूर्ताला दोघं फोटोग्राफर हवेत, एक वराच्या बाजूने, एक वधूच्या. कोण कुठे उभं राहील ते आदल्या दिवशीच ठरवा.

कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठतात का, हेही विचारा. एक कार्ड बिघडलं तरी फोटो वाचतात. अल्बमची पानं, मूळ फाइल्स, मिळण्याची तारीख हे सगळं लेखी घ्या आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्या.

आणि आजी-आजोबांचे फोटो जेवणाआधी काढायला सांगा, नंतर ते दमतात.