कॉलेज बास्केटबॉलचा कोच पुढे ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तर त्याचं करिअर संपतं का?

अजिबात नाही, उलट काहींचं खरं काम तिथेच सुरू होतं. डेव्ह गॅव्हिटचंच बघा. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स कॉलेजचा हा कोच, 1973 मध्ये टीमला थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार टीमपर्यंत घेऊन गेला, आणि कोच असतानाच कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टरही झाला, म्हणजे दुपारी प्रॅक्टिस आणि बाकी वेळ बजेट, शेड्यूल, इतर खेळांची व्यवस्था.

पण माणूस मोठा ठरला तो 1979 मुळे. ईशान्येकडची कॉलेजं चांगली खेळायची पण विखुरलेली होती, त्यांना एकत्र आणून त्याने बिग ईस्ट कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांची लीग, उभी केली आणि स्वतः तिचा पहिला कमिशनर, म्हणजे प्रमुख झाला. डोकं बघा, न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन अशी मोठी शहरं म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक आयताच हाताशी, त्यात ईएसपीएन त्याच वर्षी सुरू झालेलं आणि त्यांना मॅचेस हव्याच होत्या. सहा वर्षांत, 1985 ला, फायनल फोरमधल्या चारपैकी तीन टीम बिग ईस्टच्या! जॉर्जटाउन, सेंट जॉन्स आणि व्हिलानोव्हा, आणि फायनलमध्ये व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला 66-64 ने हरवलं.

एक गोष्ट मात्र मला अजून लागते, 1980 च्या ऑलिम्पिक टीमचा कोच तोच होता पण अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि ती संधी गेलीच. पुढे 2006 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत त्याला घेतलं, ते कोच म्हणून नाही तर खेळासाठी केलेल्या एकूण कामासाठी, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.