अकरावीच्या मुलांना समाजशास्त्राच्या मूलभूत संकल्पना कशा शिकवाव्यात?

तुम्ही लिहिलंय, मुलं 'दर्जा' (समाजातलं स्थान) आणि 'भूमिका' (त्या स्थानाकडून अपेक्षित वागणं) यांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण स्वतःचं उदाहरण विचारलं की गप्प बसतात. मी मालवण तालुक्यात हाच विषय शिकवते. माझं म्हणणं एवढंच, की आधी बघायला लावा, शब्द शेवटी सांगा.

गणपती झाले की मी वर्गाला एका सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायची मासेमारी, बघायला नेते. जाळ्याचे दोन दोर, दोन्हीकडे ओढणाऱ्यांची रांग. मुलांनी फक्त टिपायचं: हाक कोण देतं, कोण कोणाचं ऐकतं, मासळीचे वाटे कोण घालतं, बायका टोपल्या घेऊन कधी पुढे होतात. मागे एका मुलीने वहीत लिहिलं होतं, "बाबा घरी कोणाचं ऐकत नाहीत. इथे धाकट्या काकाने हाक दिली की लगेच थांबतात." त्या दोन ओळींवर आमचे तीन तास गेले. बाबा थोरले भाऊ, हा जन्माने मिळालेला, म्हणजे अर्पित दर्जा. समुद्राची जाण कमावून काकाने मिळवलेला तो अर्जित. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटनने १९३६ मध्ये मांडलेला हा फरक मग पाठ करावा लागला नाही.

रूढी आणि कायदा यांसाठी नारळी पौर्णिमा घ्या. पावसाळी मासेमारीबंदी मोडली तर दंड होतो. पण नारळ न वाढवता होडी लोटली तर दंड कुणी करत नाही, वाड्यात बोलतात मात्र सगळे. दोन्हींतलं भय वेगळं कसं, हे मुलंच सांगतात.

जातीचा धडा मात्र जपून घ्या. सुरुवात मी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्यापासून करते. ते १८९३ साली मालवणात जन्मले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला, आणि जातीवरचं त्यांचं मोठं पुस्तक १९३२ चं. आपल्या गावचा माणूस म्हटल्यावर मुलं सरसावून बसतात. पण कुठल्याही मुलाला उदाहरण म्हणून उभं करू नका. पहिल्या वर्षी मी एकाला सर्वांदेखत विचारलं, "जत्रेत तुमच्या घराचा मान काय?" तो खाली बघत राहिला, आणि पुढचा आठवडाभर वर्गात आला नाही. तेव्हापासून मी हे चिठ्ठ्यांवर, नाव न घालता लिहून घेते.