नर्सने ड्यूटीवर हसायचंच नाही का? ओव्हरच्या वेळी हसले म्हणून इन्चार्ज सिस्टरनी झापलं

तुम्ही लिहिलंय की नवीनच जॉइन झालाय, सकाळी ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सना पेशंटची माहिती देणं, चालू असताना मैत्रीण काहीतरी बोलली, तुम्ही जोरात हसलात आणि इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांसमोर झापलं, तर मग नर्सने कामावर हसायचंच नाही का. मी १९ वर्षं या कामात आहे, मेडिकल, सर्जिकल, आयसीयू सगळीकडे ड्यूट्या केल्यात, आणि माझं म्हणणं एकच आहे, हसा, मनापासून हसा, त्याशिवाय हे काम इतकी वर्षं होतच नाही. फक्त आपलं हसणं कुणाच्या कानावर पडतंय याचं भान सोडू नका.

एक आजोबा सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पडून पडून कंटाळलेले, कान तीक्ष्ण आणि तोंड त्याहून तीक्ष्ण. त्यांना रोज पोटात इंजेक्शन द्यायचं असायचं, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात ते. आणि प्रत्येक वेळी आम्ही विचारणार, आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. चौथ्या दिवशी ते वैतागले, म्हणाले, सिस्टर, तुम्हाला चार दिवसांत माझं नाव पाठ होत नाही, माझ्या नातवाला पाढे याच्यापेक्षा लवकर पाठ झाले. पाचव्या दिवशी मी ट्रे घेऊन गेले, नाव विचारलं, तर त्यांनी अगदी गंभीर चेहरा करून शेजारच्या बेडवरच्या काकांचं नाव सांगितलं. मी त्यांचं मनगट हातात घेऊन बँड वाचतेय तोवर शेजारचे काका उठून बसले, अहो ते मी आहे, माझ्या नावावर तुम्ही सुया काय टोचून घेताय! अख्खा वॉर्ड हसला. मावशी पोछा हातात धरून हसत होत्या. मी पण ट्रे टेबलवर ठेवून पोटभर हसले, आणि हसून झाल्यावर परत नाव विचारलं, परत बँड बघितला आणि मगच इंजेक्शन दिलं.

मग त्यांच्याजवळ बसून सांगितलं की आजोबा, हे आम्ही का विचारतो. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं ना तर माणूस हो म्हणतो. अर्धवट झोपेत असतो, ऐकू कमी येत असतं, नाहीतर सिस्टरला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणतो. म्हणून नाव आपण सांगायचं नसतं, पेशंटच्या तोंडून काढायचं असतं, आणि बेड नंबरवर तर अजिबात विसंबायचं नसतं कारण बेड रात्रीतून बदलतात. त्यांना ते पटलं. त्यांची चेष्टा पण मला आवडली, कारण ती त्यांनी केली होती आणि त्यात कुणी दुखावलं नाही.

आपल्या आपल्यात तर किती गमती असतात. नाईटला कुणी "आज शांत आहे" म्हटलं की बाकीच्या सगळ्या तिच्या अंगावर धावून जातात, कारण तो शब्द उच्चारला की तीन अॅडमिशन एकदम येतात अशी आपली श्रद्धा. यावर खरंच प्रयोग झालाय बरं का, २०१९ च्या डिसेंबरमध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, एका मायक्रोबायोलॉजी विभागात काही दिवस मुद्दाम म्हणायचं की आजचा दिवस शांत जाणार आणि काही दिवस म्हणायचं नाही, आणि कामात काही फरक पडला नाही. मी हे आमच्या वॉर्डात वाचून दाखवलं. सगळ्यांनी नीट ऐकलं आणि तो शब्द आजही कुणी काढत नाही. हे मला फार आवडतं, थकलेल्या बायका पहाटे चार वाजता एका शब्दावरून एकमेकींना दटावतायत आणि हसतायत, त्यावर पुढचे दोन तास निघतात.

पण औषधं काढताना गप्पा नाहीत म्हणजे नाहीत, तिथे मी पण इन्चार्जसारखीच कडक आहे. काही देशांत औषध देणाऱ्या नर्सच्या अंगात "मला मध्ये बोलू नका" असं लिहिलेला लाल एप्रन घालतात. मला तो हवाय. इन्सुलिन भरत असताना कुणी मागून येऊन काल काय झालं माहितीये का म्हटलं की लक्ष जातं, आणि इन्सुलिनमध्ये आकडा चुकला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जे सांगणार आहे ते मला अजून बोचतं. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट, रात्री दीडची वेळ, काउंटरवर मी आणि अजून एक स्टाफ, ती तिच्या मुलाचा काहीतरी किस्सा सांगत होती, शाळेत त्याने निबंधात आईबद्दल लिहिलं होतं की माझी आई दिवसा झोपते आणि रात्री कामावर जाते, आणि आम्हाला हसू आवरेना. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याबद्दल डॉक्टरांनी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं की आता फार वेळ नाही. त्या उठून काउंटरपाशी आल्या, ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "माझ्या माणसाला बघून हसताय का?" त्या निबंधाचा आणि त्यांच्या नवऱ्याचा काही संबंध नव्हता, पण त्यांना ते कसं कळणार? रात्रीच्या वॉर्डात हसणं ऐकू जातं, कशावर हसतोय ते ऐकू जात नाही. मी त्यांची माफी मागितली, निबंधाचं वगैरे काही सांगत बसले नाही, त्या क्षणी तो खुलासा आमच्या सोयीचा होता, त्यांच्या नाही. नंतर खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ बसले, त्या बऱ्याच वेळाने नवऱ्याबद्दल बोलायला लागल्या. पहाटे ते गेले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली लिहून ठेवलंय की पेशंटच्या दाराबाहेर, त्याला चाहूल लागेल असं उभं राहून त्याच्या तब्येतीबद्दल बोलू नका, फार त्रास होतो त्याचा. अर्धवट ऐकलेलं माणूस आपल्याच भीतीने पूर्ण करतो. त्या बाकावरच्या बाईंनी तेच केलं, आणि कुणीही तेच करेल.

त्यानंतर आम्ही आपसात ठरवलं की हसायचं असेल तर पॅन्ट्रीत जायचं आणि दार लावायचं. एकीने फ्लोअरवर थांबायचं, बाकीच्यांनी दहा मिनिटं आत. मी तर नवीन मुलींना मुद्दाम आत पाठवते, विशेषतः एखादा पेशंट गेल्यावर, कारण त्यानंतर लगेच येणारं हसू हे निर्दयपणाचं नसतं, रडूच असतं ते, दुसऱ्या वाटेने आलेलं. पण दार बंद करून.

आणि दोन गोष्टींवर कधीच हसू नका, पॅन्ट्रीत पण नाही. एक म्हणजे पेशंटच्या शरीराची फजिती, चादर ओली झाली, गाऊन सरकला, गुंगीत काहीतरी बडबडला. तो माणूस बरा होऊन उद्या तुमच्या डोळ्यांत बघणार आहे. दुसरं, पेशंटला आजाराच्या नावाने हाक मारणं, "सात नंबरचं अपेंडिक्स कुठे गेलं" वगैरे. ऐकायला गंमत वाटते पण जीभ तशीच वळते आणि मग नाव खरंच आठवत नाही. फोनचं तर बोलूच नका, वॉर्डात रील काढणाऱ्या मुलींचा मला मनापासून राग येतो, मागे कुणाचा तरी बेड दिसतच असतो.

तर तुमच्या इन्चार्ज सिस्टर. सगळ्यांसमोर झापायला नको होतं, हे मी त्यांना पण सांगितलं असतं, बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण हसू थांबवणं बरोबर होतं. ओव्हर पेशंटच्या बेडपाशी चालते, तो पडल्या पडल्या प्रत्येक शब्द ऐकत असतो, आणि त्याच्या युरिनचा आउटपुट सांगत असताना मागून हसू आलं तर ते त्याला लागणारच. शिवाय एक वाक्य ऐकायचं राहिलं तर पुढचे आठ तास ते कुणालाच माहीत नसणार. उद्या जाऊन साधं म्हणा, सिस्टर, वेळ चुकली माझी. बहुतेक चहाला बोलावतील.

आजोबा बाराव्या दिवशी वॉकर घेऊन चालत घरी गेले. निघताना डिस्चार्जचे कागद देण्याआधी मी सवयीने नाव आणि जन्मतारीख विचारली. दोन्ही त्यांनी सरळ सांगितलं. मग खिशातून चष्मा काढून लावला, म्हणाले, आता तुमचं पूर्ण नाव सांगा. मी सांगितलं. ते पुढे वाकले आणि माझ्या गळ्यातल्या आयकार्डावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवून बघितलं, आणि मगच कागद हातात घेतले.