सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर सामायिक भाजीबाग करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

बियाण्यांपासून नको, मातीपासून करा. मोकळ्या प्लॉटमध्ये बहुधा बांधकामाचा राडारोडा दाबलेला असतो. दोन-तीन ठिकाणी फूटभर खणून बघा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे निघाले तर ती जमीन सुधारत बसू नका, वरच वाफे रचा. सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो, झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग नत्र कमी पडलं समजून उगाच युरिया टाकत बसतात!

वाफा ४ फूट रुंद, फूटभर उंच. रुंदी वाढवली की मधली भाजी काढायला लोक आत पाय देतात आणि माती दबते. तळाला जीवामृतात (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण, कृती खाली) भिजवलेला पालापाचोळा, वर माती आणि कुजलेलं शेणखत २:१.

जीवामृत: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी २ किलो, मूठभर बांधावरची माती. सावलीत ४८ तास ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, आठवड्यात संपवा. पिंप घट्ट झाकू नका, गोणपाट पुरे. पाचोळा कुजला की वाफा खचतो. भर घालत राहा.

घरटी वाफे वाटले तर मे महिन्यात लोक गावाला जातात आणि निम्मे वाळतात. पाण्याच्या पाळ्या सामायिक ठेवा. आणि जागेचा ठराव सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर पुढची कमिटी तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करते.