स्टुटगार्टला येण्याआधी एवढं ऐकून घे

तू विचारलंस की ताई, मी ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला येणार आहे, तिथले लोक कोरडे अन् उद्धट असतात असं सगळे सांगतात, तर दुकानात, ट्रेनमध्ये, शेजाऱ्यांशी कसं वागायचं. मी नागपूरच्या मानेवाड्याची, इथं आठ वर्षं झाली. व्हिसा अन् ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी पैसे भरून ठेवायचं ते खातं) बाकीचे सांगतीलच, मी याचंच सांगते कारण माझं पहिलं वर्ष यातच गेलं.

लोक उद्धट नाहीत रे. पहिले सहा महिने त्यांना मीच उद्धट वाटत होती अन् मला ते कळतही नव्हतं.

आता बघ, सीताबर्डीत दुकानात आपण काय म्हणतो, "भाऊ, ते जरा दाखवा ना". यात प्लीज कुठंच नाही, पण 'भाऊ' आहे, 'दाखवा' आहे, शेवटी 'ना' आहे, सगळी अदब तिथंच आली. ऑटोवाला दादा, भाजीवाली मावशी, बँकेतले काका, एकदा नातं जोडलं की थँक्यू म्हणायचं कामच राहत नाही. हेच वाक्य मनात मराठीत जुळवून जर्मनमध्ये बोललं की भाऊ गळतो, ना गळतो, अन् उरतो नुसता हुकूम. मी घराखालच्या बेकरीत रोज जायची, "एक ब्रेत्सेल" म्हणायची अन् पैसे पुढं करायची. काउंटरवरची बाई पिशवी सरकवून तोंड फिरवायची, मला वाटायचं हे माझ्या रंगामुळे, घरी येऊन रडली आहे मी. मग एकदा सोबतची मैत्रीण म्हणाली, अगं तू आत आल्यावर साधा नमस्कारही केला नाहीस तिला! तेव्हापासून दारात शिरल्याबरोबर "ग्र्यूस गॉट", मागताना "बिट्टे", घेताना "डांके", निघताना दिवस छान जावो म्हणून "शोनन टाग नोख". दुसऱ्याच आठवड्यात ती बाई माझ्या आधी बोलायला लागली. रंग बघून वाईट वागणारे नाहीतच असं मी म्हणणार नाही, आहेत, मला भेटले पण आहेत. पण आधी नमस्कार करून बघ, मग ठरव.

ग्र्यूस गॉट हे दक्षिणेकडचं, त्यात देवाचं नाव आहे. आपल्याकडे कसं कोणी रामराम म्हणतं, कोणी जय भीम, तसे इथंही नमस्कार वेगवेगळे. तिकडं वर हॅम्बुर्गला दिवसभर "मोइन" चालतं. डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये गेलास तरी बसलेल्या सगळ्यांना नमस्कार करायचा, ओळख असो नसो. अन् मोठ्यांना, अनोळख्यांना, ऑफिसातल्या बाईला 'झी' म्हणायचं, 'डू' नाही. हे तुला सोपं जाईल, तुम्ही आणि तू आपण लहानपणापासून करतोच, इंग्लिशच्या सवयीनं घोळ होतो फक्त.

आता आग्रहाचं, कारण यात मी उपाशी राहिली आहे, खरंच. पहिल्या महिन्यात घरमालकिणीनं कॉफी अन् केक विचारला, मी भिडेपोटी नको म्हटलं, आता ही दोनदा-तीनदा म्हणेल असं धरून बसली. तिनं हो का म्हटलं अन् स्वतःचा केक खाल्ला. तिच्या लेखी माझ्या नकोचा मान ठेवणं हीच सभ्यता होती. तेव्हा हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हण, अन् कोणाला तर्री पोहे खाऊ घालशील तेव्हा एकदाच विचार, परत परत वाढू नको.

आवाजाचं लक्षात ठेव. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, अन् रविवार पूर्ण दिवस, ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायला जाणं पण नाही. मी एका रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला अन् खालच्या आजी वर आल्या, दारात उभं राहून तोंडावर सांगितलं की हे चालणार नाही. आपल्याकडच्या काकूंनी हेच टोमण्यानं नाहीतर तिसऱ्याच्या तोंडून कळवलं असतं, म्हणून मला फार लागलं. सोमवारी माझं पार्सल त्यांनीच घेऊन ठेवलं होतं, हसून दिलं, रविवारचा विषय पण नाही. तोंडावर बोलले म्हणजे वैर धरलं असं नसतं इथं, हे समजायला मला वेळ लागला.

ट्रेनमध्ये आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, एस्केलेटरवर उजवीकडं उभं राहायचं, बाजूची सीट रिकामी दिसली तरी विचारून बसायचं. सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये वर्धा येईपर्यंत आपल्याला समोरच्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं ते माहीत असतं, इथं तसं विचारू नको, पगार तर अजिबातच नाही. मला त्या गप्पांची अजूनही आठवण येते. अन् सगळं यांचंच चांगलं असंही नाही बरं का, सुपरमार्केटमध्ये नवीन काउंटर उघडला की मागचे लोक पळत जाऊन पुढं लागतात, तेव्हा कोणाची शिस्त आठवत नाही.

स्टुटगार्टकडं केअरवोखे म्हणून एक पद्धत आहे. बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी घराघरांत फिरते, पुष्कळ ठिकाणी पाळीची पाटी दारावर लटकते. पाटी दिसली की त्याच आठवड्यात झाड, सांगायची वाट पाहू नको.

आल्याच्या दिवशी बेलवर अन् टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लाव, फ्लॅट नंबरवर टपाल येत नाही, नावावर येतं. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी चहा घेऊन येतात, इथं उलटं आहे, नवीन आलेल्यानं स्वतः बेल वाजवून नाव सांगायचं. तेव्हा बॅगेत संत्रा बर्फीचे दोन डबे जास्तीचे टाक. वरच्या-खालच्या सगळ्यांकडे जा, शनिवारी दुपारी जा, रविवारी नको.