कुंदा वाटून झाला, करार व्हायचाय

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्या मराठी कादंबरीचा मैत्रिणीने इंग्रजी अनुवाद केला. तो आम्ही नऊ लिटररी एजंटांना पाठवला. दोघांनी नकार कळवला, लंडनच्या एकीने पूर्ण हस्तलिखित मागवलं. दादाने त्याच दिवशी गल्लीत कुंदा वाटला! आता आमच्याकडच्या संमेलनाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कादंबरी लंडनहून प्रकाशित होत आहे' असं छापणार आहेत. मीही फेसबुकवर सगळं लिहू का?

उत्तर : दादावर रागावू नकोस. कडोली, उचगाव, सांबऱ्याच्या साहित्य संमेलनांत वाढलेला आपला बेळगावचा भाग. घरातल्या मुलीच्या पुस्तकाची बातमी कळली की माणूस हरखतोच. पण पत्रिकेतली ती ओळ आजच काढायला सांग. ती खरी नाही.

पूर्ण हस्तलिखित मागवलं म्हणजे मुलगी बघायला येतो म्हणाले, एवढंच. वाचायला कधी कधी महिने लागतात. होकार आला तरी एजंट पुस्तक छापत नाही, प्रकाशकांकडे नेते, आणि तिथेही नकार येतात. मराठीत आपण थेट प्रकाशकाकडे जातो, म्हणून ही मधली पायरी घरच्यांना ठाऊक नसते.

फेसबुकवर नकार मोजत बसू नकोस. एजंट लेखकाचं नाव शोधून बघतात. उरलेल्या सहा जणांपैकी कुणी तुझं पान उघडलं आणि 'दोघांनी नाकारलं, लंडनची वाचतेय' हे दिसलं, तर पहिलं पान वाचण्याआधीच मनात काहीतरी बसतं. ते का बसू द्यायचं? एकीने खरोखर तुझी एजंट व्हायचा प्रस्ताव दिला, तर बाकीच्यांना मेलने कळव आणि उत्तरासाठी दोनेक आठवडे दे. तीच रीत आहे. पुढे प्रकाशक ठरला तरी कराराची रक्कम, कोणी नाकारलं, हे बाहेर काढू नकोस. घोषणा कधी करायची ते प्रकाशकाला विचार.

हे मौन गावापुरतं. एजंटापासून मात्र काही लपवू नकोस. मूळ कादंबरी मराठीत छापून आली आहे का, एखादं प्रकरण दिवाळी अंकात गेलंय का, अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत, मैत्रिणीशी काय ठरलंय, हे तिला आधी कळायला हवं. मराठी प्रकाशकाशी करार झाला असेल तर अनुवादाचं कलम काढून वाच. मैत्रिणीशी फक्त तोंडी बोलणं झालं असेल तर ते कागदावर आण.

आणि वाचण्याचे पैसे कुणी मागितले, तर तिथे गप्प राहू नकोस, जाणत्या माणसाला विचार. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर कमिशन घेतो : साधारणपणे त्याच्या स्वतःच्या देशातल्या विक्रीवर १५ टक्के, परदेशी हक्कांवर २० टक्के.

दोन-तीन जवळच्या माणसांना सगळं सांग. एकटीने वाट बघणं फार जड जातं, मला ठाऊक आहे. दादाला त्यांत धर. त्याने कादंबरी अजून वाचलेली नाही, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. मूळ मराठी कादंबरीची एक प्रत काढून या रविवारी त्याच्या हातात दे.