वाचक विचारतात : हंगाम संपल्यावर ट्रेलर घेऊन समुद्रकिनारी

प्रश्न : गेल्या थंडीत किनाऱ्यावर ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात) राहिलो. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं, गादीही खालून ओली लागली. छत गळत असेल का?

उत्तर : छत गळत असतं तर एकाच जागी डाग पडला असता आणि तो पावसानंतर वाढला असता. सगळीकडे पाणी सुटतंय, म्हणजे ते आतल्याच हवेतलं आहे. झोपलेली दोन माणसं एका रात्रीत श्वास आणि घाम मिळून अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात कोणी उबेसाठी शेगडी पेटती ठेवली, तर एक किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. शेगडीने ट्रेलर तापवू नकाच. ओल हा त्यातला लहान धोका, मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. जळलेला वायू नळीने बाहेर सोडणारा हीटरच वापरा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्यापूर्वी बटण दाबून तपासा.

इलाज आहे तो वायुवीजनाचा. छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा, समोरच्या टोकाची एक खिडकी फटीएवढी. समुद्राची दमट हवा आत घेऊन काय फायदा, असं वाटेल. पण 5 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे ती ओल शोषून घेते. गादीखाली सलग फळी असेल तर मधे जाळीची चटई घाला आणि सकाळी गादी उभी करून ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांची दारं रात्री किलकिली राहू द्या. बुरशी तिथूनच सुरू होते.

प्रश्न : ऑफ-सीझनला बऱ्याच तळांवर वीज बंद असते. 100 अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर रात्र निघेल?

उत्तर : एक रात्र निघेल, दुसरीचा भरवसा नाही. या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, आणि शून्य अंशाजवळ तिची क्षमता सुमारे 20 टक्क्यांनी घटते. हाती उरतात 40 अँपिअर-तास. हीटरचा पंखा 4 अँपिअर घेत असेल आणि दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ फिरत असेल, तर 20 तिथेच गेले. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली तिला चार्ज करू नका. हीटरसाठी गॅस प्रोपेनचाच घ्या; ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप होणंच थांबवतो.

प्रश्न : किनाऱ्याच्या रस्त्यावर आडव्या वाऱ्याने ट्रेलर मागे हेलकावे खातो. काय करावं?

उत्तर : त्या क्षणी स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला, गाडीचा ब्रेक दाबू नका. ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालवायचा वेगळा कंट्रोलर असेल तर तो हलका लावा. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो, हा सल्ला घातक आहे.

मूळ दोष बहुधा वजनाच्या मांडणीत असतो. मागच्या बाजूला सायकली आणि मागच्याच टाकीत 100 लिटर पाणी, म्हणजे 100 किलो. त्याने हिचवरचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या आकड्यावरचा भार कमी होतो आणि शेपूट डोलायला लागतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर हवा. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा कमी दिली असेल तर तीच पाळा.

मुक्कामी ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे करा, ऑनिंग (दाराबाहेरचं कापडी छप्पर) रात्री गुंडाळून ठेवा आणि जोराचा वारा असेल तर गाडी हिचपासून सोडवू नका. दार उघडताना कडी हातातून सुटू देऊ नका. एका झोतात बिजागरी वाकते.

प्रश्न : परतल्यावर खाऱ्या हवेसाठी काय करायचं?

उत्तर : चासी, स्प्रिंगा, चाकांची आतली बाजू आणि हिच गोड्या पाण्याने सावकाश धुवा. जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नका, सीलमधून पाणी आत शिरतं. गाडीतून ट्रेलरला वीज देणाऱ्या प्लगच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर घासून डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. इंडिकेटर लावल्यावर टेल लॅम्पही लुकलुकला, तर बल्ब बदलण्याआधी चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवून गंज काढा. आणि ट्रेलर पुढच्या हंगामापर्यंत उभा राहणार असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावून हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात.